मेडचलच्या रस्त्यावरचा कडुनिंब

कडुनिंबाचा विषय निघाला की एकनाथराव बिलोलीकर अजूनही चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागतात. चष्मा स्वच्छच असतो.

तसा माणूस साधा. वीज मंडळात चौतीस वर्षं नोकरी, काचीगुडा स्टेशनामागं तीन खोल्यांचं घर, बायको विमल, एकुलती मुलगी लग्न होऊन नांदेडला. घरात मराठी, रस्त्यावर दखनी, कचेरीत तेलुगू, आणि रागावले की तिन्ही एकदम. पुस्तकांचा त्यांना कंटाळा होता. तरी काचीगुड्यातल्या मराठी वाचनालयात दर रविवारी चार वाजता ते हजर असत. मनमाडकडून येणाऱ्या गाडीनं पुण्याची वर्तमानपत्रं एक दिवस शिळी होऊन यायची, त्यांच्यावर सगळ्यांची झडप पडायची. एकनाथराव मात्र नुसते बसून राहायचे, आणि हळूहळू लोक वर्तमानपत्रं खाली ठेवून त्यांच्याकडं वळायचे.

कारण होतं त्यांचा कान.

नोकरीतली सव्वीस वर्षं त्यांनी कारखान्यांची मीटरं तपासली होती. सनतनगर, बालानगर, आझमाबाद, जीडिमेटला. गेटवर सही करायची, मीटरच्या खोलीचं कुलूप काढायचं, काचेला डोळा लावायचा आणि हातातल्या घड्याळावर आतल्या चकतीचे फेरे मोजायचे. हे महिन्यामागून महिने केल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की चकती बघायच्या आधीच आकडा साधारण किती निघणार ते आपल्याला कळतंय. ट्रान्सफॉर्मर सगळेच गुणगुणतात. पण आतली यंत्रं नेट लावून चालत असली की तो सूर किंचित जाड होतो.

"भरल्या घराचा आवाज आणि रिकाम्या घराचा आवाज वेगळा येतो की नाही? तसंच आहे हे," ते सांगत.

अर्थात नुसता सूर नव्हता तो. सायकलस्टँड किती भरलंय, गेटाबाहेरच्या चहावाल्याकडं किती ग्लास विसळायचे पडलेत, वॉचमन उठून उभा राहतो की बसल्या जागेवरून हात हलवतो, हे सगळं त्यात त्यांच्या नकळत मिसळायचं. साहेब विचारायचे, "बिलोलीकर, कसं ओळखता हो?" हे म्हणायचे, "ऐकू येतं."

ब्याण्णव साली ते निवृत्त झाले. नेमक्या त्याच सुमारास देशानं दारं उघडली होती आणि ज्याच्या त्याच्या तोंडी शेअर होते. बँकेतला कारकून, शाळेतला मास्तर, भाजीच्या रांगेतली माणसंसुद्धा भाव सांगायची. वाचनालयातले लोक तरी मागं कसे राहतील? वाणिज्य शिकवणारा तरुण लेक्चरर हेमंत कंपन्यांचे गुळगुळीत अहवाल घेऊन यायचा आणि त्यातली गणितं मोठ्यानं वाचून दाखवायचा. एका रविवारी बालानगरच्या एका पंप कंपनीवर तो फुली मारत होता, तेव्हा एकनाथराव सहज बोलून गेले, "मी परवा तिथनं चाललो होतो. सुट्टीच्या दिवशी ट्रान्सफॉर्मर जाड वाजत होता. चहावाल्यानं दुसरा स्टोव्ह घेतलाय."

चार जणांनी गंमत म्हणून शेअर घेतले. सहा महिन्यांत दुप्पट झाले. पुढच्या वर्षी एका कापडाच्या गिरणीचा अहवाल हेमंतला फार आवडला होता. एकनाथराव जाऊन आले आणि म्हणाले, "रिकाम्या घराचा आवाज आहे. काढून टाका." दिवाळीच्या आत गिरणीला टाळं लागलं.

त्यानंतर वाचनालयातल्या पंख्याखालची खुर्ची त्यांची झाली. हैदराबादच्या एप्रिलात पंख्याखालची खुर्ची म्हणजे काय, ते तिथं राहणाऱ्यालाच कळेल. चौतीस वर्षं त्यांना कुणी खुर्ची दिली नव्हती. मीटर तपासणारा आला की कारखान्यातली माणसं उभी राहत, पण ती भीतीनं. इथं लोक आपण होऊन सरकून जागा करत. त्यांना ते आवडू लागलं. किती आवडू लागलं, हे त्यांच्याही ध्यानात आलं नाही.

एकोणीसशे पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत ग्रॅनाइटची गोष्ट निघाली. मेडचलच्या पुढं, नागपूरच्या रस्त्याला, ग्रॅनाइट कापून परदेशी धाडणारी एक नवी कंपनी होती. दहाचा शेअर बत्तिसावर गेलेला.

"काका, अहवाल मी वाचलाय," हेमंत म्हणाला. "यंत्रं इटलीची, ऑर्डरी जर्मनीच्या. पण कागदाला कागदच साक्षीदार. तुमचा कान काय म्हणतो?"

"जाऊन येतो की," एकनाथराव म्हणाले. "पुढच्या रविवारी सांगतो."

कोपऱ्यात तारामतीबाई बसल्या होत्या. नारायणगुड्याच्या मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. लग्न केलं नाही. भाऊ आबासाहेबांच्या घरी जिन्याखालच्या खोलीत राहायच्या. भाऊ वाईट नव्हता, पण घर त्याचं होतं. चहाला थोडं दूध जास्त लागलं तरी वहिनीकडं बघावं लागायचं. वर्षापूर्वी निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी ठरवलं, विद्यानगरला दोन खोल्या घ्यायच्या. आपली किल्ली, आपला गॅस. जवळचे पैसे थोडे कमी पडत होते. ते वाढले तर खोल्या होणार होत्या, एवढंच.

"मला आकड्यांतलं कळत नाही, एकनाथराव," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघून आलात की मी ठरवीन."

गुरुवारी एकनाथराव निघाले. गुडघा आदल्या रात्रीपासून ठणकत होता. सिकंदराबादला उतरले, तर मेडचलची बस माणसांनी फुगलेली. ती सोडली. दुसरी आली, तिला लोक दाराला लटकलेले. तीही सोडली. मग स्टेशनासमोरच्या इराण्याकडं जाऊन बसले. चहा आला, दोन बिस्किटं आली. तिसरी बस खिडकीतून दिसली. तिच्यात उभं राहायला जागा होती. ते उठले नाहीत.

आणि चहा पिता पिता त्यांना कारखाना दिसायला लागला. रस्त्याच्या डाव्या अंगाला मोठा कडुनिंब. त्याखाली पत्र्याची टपरी, ग्लास विसळणारी ठेंगणी बाई. गेटावर दोन लॉऱ्या. पलीकडं दोन खांबांवर ट्रान्सफॉर्मर, आणि त्याचा जाड, घट्ट सूर, दगडात रुतलेल्या करवतीनं ओढ घेतल्यासारखा. इतका स्पष्ट, की कप खाली ठेवताना त्यांनी मान तिरकी केली.

आजवर असंच तर होत आलं होतं. आधी कळायचं, मग चकती फिरताना दिसायची. मग या खेपेला चकती नाही बघितली, तर बिघडलं काय? पैसे देऊन ते घरी आले.

"इतक्यात आलात?" विमलताईंनी विचारलं. "मेडचल काय अंगणात आहे काय?"

"बस लगेच मिळाली."

विमलताईंनी त्यांच्या चपलांकडं पाहिलं. तिकडच्या लाल धुळीचा कणही नव्हता. मग त्या पोळपाट ओढून बसल्या.

रविवारी पंख्याखाली बसल्यावर सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर. तारामतीबाईंनी विचारलं, "ऐकलंत?"

खरं तर तेव्हाही वेळ गेली नव्हती. 'गुडघा दुखत होता, पुढच्या आठवड्यात जातो,' एवढं म्हटलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. पण ते "हो" म्हणाले. आणि एकदा 'हो' म्हटल्यावर त्याला टेकू द्यायला कडुनिंब आला, टपरी आली, ठेंगणी बाई आली.

"कडुनिंब कोणत्या अंगाला?" तारामतीबाईंनी विचारलं. भूगोलाची सवय.

"डाव्या."

"काय सांगता तुम्ही, काका!" हेमंत मांडीवर थाप मारून म्हणाला. "डोळ्यांसमोर उभं राहतं."

सात घरांतून पैसे गेले. सगळ्यांत जास्त तारामतीबाईंचे; जवळ होते तेवढे सगळे.

जूनपर्यंत भाव अठ्ठेचाळीस झाला. वाचनालयात पेढे वाटले गेले. एकनाथरावांनी दोन खाल्ले. ऑगस्टात भाव चाळिसावर आला, सप्टेंबरात सव्वीसवर. "बाजारच पडलाय," लोक म्हणाले. ते खरंही होतं. ऑक्टोबरात अठरा.

"काढू का?" तारामतीबाईंनी विचारलं.

इथं एकनाथरावांना सांगता आलं असतं. रात्री अंथरुणात त्यांनी वाक्यही जुळवून ठेवलं होतं. पण खुर्ची पंख्याखालची होती, आणि बाई सगळ्यांदेखत विचारत होत्या. "ठेवा," ते म्हणाले. "चालता कारखाना आहे. भाव काय, खाली-वर होतोच."

तारामतीबाईंनी मान हलवली. पिशवीतून छोटी वही काढली आणि विचारलं, "मेडचलला उतरल्यावर पुढं किती लांब आहे हो?"

"असेल तीन-साडेतीन किलोमीटर," ते अंदाजानं म्हणाले. बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं.

तो आठवडा त्यांनी कसा काढला, ते विमलताईंना ठाऊक. जेवताना भातावर दोनदा ताक घेतलं. दारावर थाप पडली की आत जाऊन बसायचे. रविवारी तर ताप आल्याचं सांगायचं ठरवलं होतं, पण कपाळाला हात लावून विमलताई म्हणाल्या, "ताप नाही. जा."

ते गेले. तारामतीबाई आधीच आल्या होत्या. चेहरा उन्हानं रापलेला.

"काय बाई, जाऊन आलात म्हणे?" हेमंतनं विचारलं. "दिसला का काकांचा कारखाना?"

तारामतीबाईंनी एकनाथरावांकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "हो. एकनाथराव म्हणाले तसंच आहे सगळं. डाव्या अंगाला कडुनिंब, टपरी, आणि तो आवाज."

एकनाथराव आधी चक्रावले. मग त्यांच्या छातीत काहीतरी वर उसळलं. आहे! कडुनिंब आहे! सिकंदराबादच्या हॉटेलात बसून आपल्याला वीस मैलांवरचं झाड दिसलं, ट्रान्सफॉर्मर ऐकू आला! आठ महिन्यांचं ओझं एका क्षणात उतरलं, आणि त्या जागी जे आलं ते चोराला देव पावल्यासारखं होतं. ते मोठ्यानं हसले. "मग? मी सांगत नव्हतो?" म्हणाले. तारामतीबाईंनी मान खाली घालून पिशवीचा बंद आवळला आणि त्या दिवशी त्या लवकर उठल्या.

घरी येऊन त्यांनी विमलताईंना सगळं सांगून टाकलं, गेलो नव्हतो हेही. आता सांगायला काय हरकत होती?

"न जाता दिसलं, विमल! तूच सांग, ही काय साधी गोष्ट आहे?"

विमलताई शेंगा फोडत होत्या. "तुम्ही गेला नव्हतात हे मला त्याच दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या चपला बोलत होत्या. पण बाई खोटं कशाला बोलतील? असेल झाड. एकदा बघून तर या आपलं झाड."

मंगळवारी एकनाथराव खरोखरच निघाले. गुडघा दुखत होताच. पण या खेपेला पहिल्याच बसमध्ये चढले. अंगावर इस्त्रीचा सदरा घातला होता. देवदर्शनाला निघालेल्या माणसासारखं त्यांना वाटत होतं.

मेडचलच्या पुढं रिक्षावाल्यानं त्यांना एका कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी सोडलं. कंपनीच्या नावाची पाटी होती, रंग उडालेली. पुढं तारेचं कुंपण, एक भिंत आणि पत्र्याची एक शेड. डाव्या अंगाला काही नव्हतं. वाळकं गवत आणि काळे खडक. त्यांनी उजव्या अंगाला पाहिलं. तिथंही खडकच. मग पार पुढच्या वळणापर्यंत चालत गेले आणि परत आले.

दोन खांब मात्र होते. त्यांच्यामध्ये लोखंडी चौकट ठोकलेली, ट्रान्सफॉर्मर बसवायला. चौकट रिकामी होती.

शेडच्या सावलीत वॉचमन बसला होता. तो उठला नाही, बसूनच हात हलवला.

"क्या होना साब?"

"यहाँ नीम का झाड़..."

वॉचमननं कपाळाला हात लावला. "आप भी? अरे क्या है वो झाड़ में? बुधवार को एक अम्मा आए थे. येइच पूछे. लेफ्ट बाजू भी देखे, राइट बाजू भी देखे. फिर मेरे को पूछे, काट दिए क्या बोलके. मैं बोला, अम्मा, यहाँ झाड़ कभी थाइच नै. फिर भी एक घंटा बैठे इधर पत्थर पे."

"मशीन?"

"करंटइच नै है साब. मशीन क्या हवा पे चलती?"

एकनाथराव त्याच दगडावर बसले. आणि तिथं, उन्हात, त्यांना एकेक गोष्ट ओळखू येऊ लागली. तो कडुनिंब आझमाबादच्या सिगारेट कारखान्यासमोरचा होता, सिगारेटच्या कागदांनी बुंधा भरलेला. टपरी सनतनगरची. ठेंगणी बाई जीडिमेटल्याची, तिचं नाव यादम्मा. ती त्यांच्याकडून कधी पैसे घ्यायची नाही. आणि सूर? तो बालानगरचा, सत्तर-पंच्याहत्तर सालचा. सगळं खरं होतं. सगळं कानांनी ऐकलेलं, डोळ्यांनी पाहिलेलं होतं. फक्त इथलं नव्हतं. जुन्या चिंध्या जोडून त्यांनी एक कारखाना शिवला होता आणि त्यात एका बाईच्या दोन खोल्या घातल्या होत्या. ऐकलेलं आणि ऐकलंसं वाटलेलं, आतून दोन्हींचा आवाज एकच येतो. फरक फक्त चपलांना कळतो.

आणि बाईंनी विचारलं होतं, काट दिए क्या. शेवटपर्यंत त्या त्यांच्यासाठी ते झाड शोधत होत्या.

संध्याकाळी लाल धुळीनं भरलेल्या चपलांनिशी ते आबासाहेबांच्या दारात उभे राहिले. तारामतीबाई जिन्याखालच्या खोलीत होत्या. खाट, टेबल, भिंतीवर जगाचा नकाशा. दुसरा माणूस आत आला की पहिल्यानं खाटेवर बसावं लागायचं. एकनाथरावांनी ती खोली पहिल्यांदाच पाहिली.

"गेलो होतो," ते म्हणाले.

"बसा."

"तुम्ही रविवारी असं का म्हणालात, बाई?"

तारामतीबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. "पोरी परीक्षेत नक्कल करायच्या ना, तेव्हा मी वर्गात कधी उभं केलं नाही कुणाला. मधल्या सुट्टीची वाट बघायची. बहुतेक पोरी आपण होऊन यायच्या, रडत. मला वाटलं, मी खोटं बोलते आहे हे त्या खोलीत फक्त तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही म्हणाल, 'नाही बाई, झाड नाही.' तुमच्या तोंडून आलं असतं तर तुमची जागा राहिली असती." त्यांनी नकाशाकडं पाहिलं. "तुम्ही तर हसलात. तुमचा चेहरा असा उजळला, की मलाच लाज वाटली. मग कळलं, तुम्ही कधी गेलाच नव्हता. तोवर मी समजत होते, चुकून दुसरा कारखाना बघून आलात."

एकनाथरावांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. म्हणजे रविवारपर्यंत ते या बाईच्या लेखी चुकलेले होते. खोटारडे ते आपल्या हसण्यानं ठरले.

"हेमंतला त्याच संध्याकाळी सांगितलंय, आणखी घेऊ नकोस म्हणून," बाई म्हणाल्या. "कारण नाही सांगितलं. माझे विकायला दिले होते, गुरुवारीच. घेणारा मिळत नाही म्हणाला दलाल."

"विद्यानगरच्या खोल्या..."

"त्या गेल्या." नकाशाची एक पिन निखळली होती, ती त्यांनी अंगठ्यानं दाबून बसवली. "त्याचं आता बोलू नका. बाकीची सहा घरं आहेत. त्यांना कोण सांगणार?"

ते तिथूनच निघाले. पहिलं घर कोर्टातल्या एका निवृत्त कारकुनाचं. त्यानं शांतपणे ऐकलं, म्हणाला, "बरं," आणि दार लावून घेतलं. दुसरं हेमंतचं. हेमंतला सांगताना एकनाथराव जरा मोकळे झाले. गेलो नव्हतो म्हणाले, मग आज गेलो ते सांगू लागले. ते काळे खडक, ती उडालेल्या रंगाची पाटी, दोन खांबांतली रिकामी चौकट, तिच्यात कावळ्यानं बांधलेलं घरटं...

"काका," हेमंत मध्येच म्हणाला. त्याचे पण पैसे होते, लग्नासाठी ठेवलेले. "घरटं होतं?"

घरटं नव्हतं. चौकट नुसती रिकामी होती. घरटं कुठून आलं, कधी आलं, त्यांना सांगता येईना.

"नव्हतं," ते म्हणाले.

"फार छान सांगता हो तुम्ही," हेमंत म्हणाला. मांडीवर थाप नव्हती या खेपेला.

उरलेल्या चार घरी ते उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले आणि दोनच वाक्यं बोलले. "मी फेब्रुवारीत गेलो नव्हतो. तिथं कारखाना नाही." पुढं कुणी काही विचारलं तर "माहीत नाही" म्हणाले. ते शब्द तोंडातून काढायला त्यांना इतके जड गेले, की शेवटच्या घरी माणसानं विचारलं, "पाणी देऊ का?"

घरी आले तेव्हा विमलताईंनी त्यांच्या चपला उचलल्या, ओसरीत आपटून धूळ झटकली आणि जागेवर ठेवल्या. म्हणाल्या, "आज खरंच गेला होतात."

रविवारी ते वाचनालयात जाणार नव्हते. विमलताईंनी सदरा काढून खाटेवर ठेवला, म्हणून गेले. पंख्याखालची खुर्ची रिकामी होती. कुणी तिच्यावर बसलंही नव्हतं, कुणी त्यांना बोलावलंही नाही. ते दारापाशी, चपला काढतात तिथल्या बाकड्यावर टेकले. हेमंतनं अहवाल आणला नव्हता. तो वर्तमानपत्र तोंडापुढं धरून होता. असेच तीन रविवार गेले. लोक त्यांचे पाय ओलांडून आत जायचे, "जरा" म्हणायचे, एवढंच.

चौथ्या रविवारी पंखा आवाज करू लागला. खट्, खट्, खट्. थोडा वेळ सगळ्यांनी सोसलं.

मग तारामतीबाईंनी वही मिटली आणि भरल्या खोलीत, नेहमीच्या आवाजात विचारलं, "एकनाथराव, काय झालंय हो याला?"

हेमंतचं वर्तमानपत्र अर्ध्यावर खाली आलं.

एकनाथरावांना ऐकू आलं होतं. पहिल्या खटक्यालाच. बेअरिंग कोरडं पडलंय. शब्द अगदी जिभेच्या टोकावर होता. त्यांनी तो गिळला. उठले, शिपायाकडून स्टूल मागून घेतलं, बटण बंद केलं.

"चढून बघा हं, काका," हेमंत म्हणाला. कुणीतरी खुदकन हसलं.

"हौ," एकनाथराव म्हणाले. "बघूनच सांगतो."

गुडघ्यावर हात देऊन ते स्टुलावर चढले. पाती हातानं फिरवली, दांड्याभोवती बोट फिरवलं, चष्मा कपाळावर सारून बराच वेळ वर बघत राहिले. खाली सगळे माना वर करून बसले होते.

"मला वाटलं होतं बेअरिंग गेलं," ते वरूनच म्हणाले. कान तापले होते. "ते नाही. वरची वाटी घसरून पात्यावर टेकलीय."

"मग बसवा की वर," तारामतीबाई म्हणाल्या आणि पुन्हा वहीत पाहू लागल्या.

त्यांनी वाटी वर सरकवली, स्क्रू आवळला, खाली उतरून बटण लावलं. पंखा बिनआवाजाचा फिरू लागला. एकनाथरावांनी स्टूल जागेवर नेऊन ठेवलं, हाताची धूळ रुमालाला पुसली आणि दारापाशी, चपलांजवळ जाऊन बसले.